बार्जचा पत्रा

तेहतीस वर्षं झाली.
एवढ्यात एक मुलगी नर्स होते,
खाणी बंद पडतात, गुडघ्यातलं वंगण संपतं.
आणि कुडतरीच्या तळ्याकाठी, ताडपत्रीखाली,
डॅटसन तशीच नाक लांब करून बसलेली,
दोनच माणसं मावतील एवढी, उद्धट.

इनास रेबेलोनं ती मोंबासाहून बोटीतून आणली.
रंग तेव्हा नारिंगी.
मग गोदीतला उरलेला डबा स्वस्तात मिळाला
म्हणून हिरवी.
मग रुंद चाकं, चाकांवर फुगवलेले मडगार्ड,
मूळचं इंजिन काढून थोरलं,
त्याच्या कुशीला तीन कार्बोरेटर, एका रांगेत.
गावात म्हणायचे, रेबेलोनं सगळं बदललं,
बायको तेवढी मूळची.

मी एकोणीसचा. तिस्कला शाणू मिस्त्रीकडे
पाने धुवायला होतो.
रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी,
दुसरं माझ्या कानात.
"तिघांचा श्वास एक होईपर्यंत हलायचं नाही,"
मिस्त्री म्हणाला.
तासभर हललो नाही.
खरं सांगायचं तर अजून कुठं हललोय.

काल फिलोमेनाबाय सोप्यात बसल्या होत्या, तांदूळ निवडत.
नोटांना त्यांनी हात लावला नाही.
नातवाला मोजायला लावल्या, दोनदा.
"ती गाडी न्हय रे, म्हज्या घोवाचो हट्ट,"
म्हणाल्या,
आणि मग अगदी व्यवहारी आवाजात:
डावीकडच्या सीटवरची उशी मात्र माझी.

उशी काढून दिली.
खाली सीट दाराच्या बाजूनं खचलेली.
चाळीस वर्षं एक बाई
प्रत्येक वळणावर तिकडंच कलत आलेली.

ठरवलं होतं, हातात आली
की आधी हिला मूळ रूपावर आणायची.
जपानी कारखान्यातून निघाली तश्शी.
त्या नारिंगी रंगाचा नंबर
बार्जच्या लॉगबुकात, मागच्या पानावर,
डिझेलच्या हिशेबाखाली लिहून ठेवलेला.
शशिकला म्हणाली, पावसात ठेवणार कुठं?
मग स्वतःच म्हणाली, गोठा रिकामाच आहे.

गंज कुठवर गेलाय बघायला गालिचा उचलला.

तळाला, पायाशी, एक जाड पत्रा.
गाडीचा नव्हे. बार्जचा.
त्यावर म्हैस उभी केली तरी वाकायचा नाही.
कडेनं वेल्डिंगची रेघ:
सुरुवातीला गांडुळाची वळवळ,
मध्ये एक भोक, भोकावर थेंब, थेंबावर थेंब,
शेवटच्या वीतभर जागेत
हात जरा कुठं सरळ झालेला.

गुडघे टेकून किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक.
नातू म्हणाला, अंकल, काही पडलंय का?

ती माझी पहिली रेघ.
चष्मा न लावता मारलेली;
रात्रभर डोळ्यांत वाळू, वर बटाट्याच्या चकत्या.
शाणू मिस्त्रीनं टॉर्च मारून पाहिलं,
एक शिवी दिली, आणि म्हणाला,
राहू दे. एक पावसाळा काढेल.

मिस्त्री गेला. रेबेलो गेला.
पुढं आयुष्यभर मी बार्जच दुरुस्त केल्या,
त्यातल्या कितीक भंगारात गेल्या,
माझ्या चांगल्या, सरळ रेघांसकट.

चौथ्या खेपेला सुरू झाली.
तळ्यावरचे बगळे उठले, शेजारचं कुत्रं पळालं.
फिलोमेनाबायनी वर पाहिलं नाही,
फक्त सुपातला हात थांबला.

बोरीच्या पुलावर चिऱ्यांनी भरलेल्या ट्रकमागे अडकलो.
एवढं थोरलं इंजिन, आणि चाल बैलगाडीची.
खाली जुवारीत एक रिकामी बार्ज
ओहोटीबरोबर सरकत होती.
मी डावीकडं वाकून त्या पत्र्यावर
उगाच बोटांनी टकटक केली.

लॉगबुकाचं पान अजून फाडलेलं नाही.
बघू.

तिसरा कार्बोरेटर मात्र किंचित मागे पडतोय.
घरी गेल्यावर
ती नळी शोधली पाहिजे.