डोकं, काळीज, चार खूर

केंटकीत रीत आहे:
नावाजलेला घोडा गेला की पुरायचं
फक्त डोकं, काळीज आणि चार खूर.
डोकं जिद्दीचं, काळीज हिमतीचं, खूर वेगाचे,
असं मालक सांगतात पाहुण्यांना, हॅट काढून.
उरलेल्याचं काय,
हे पाहुणे विचारत नाहीत.

उरलेलं लेम्युएल टॉलिव्हर नेतो.
मोतद्दार. एकोणीस वर्षं याच पागेत.
खेचरांची गाडी, वर ताडपत्री,
आणि चरबीच्या कारखान्यापर्यंत जायचे दोन डॉलर.

कँडल क्रीक. रंग कुमैत, मागचा डावा पाय पांढरा.
वंशावळीची वही उघडा:
बाप, बापाचा बाप, त्याचाही,
बोट मागे सरकत समुद्र ओलांडतं,
इंग्लंडात उतरलेल्या तीन परक्या घोड्यांपैकी
एकापाशी थांबतं.
लेम्युएलच्या आज्याची नोंदही वहीतच होती,
खेचरांच्या खालच्या ओळीत, किमतीसकट.
बापाच्या नावाची जागा कोरी.

आणि लेम्युएलचा बाप जॉकी.
लुईव्हिलला एकदा फुलं पडली होती त्याच्या मांडीवर.
मग गोऱ्या पोरांनी त्याला दर शर्यतीत कठड्यावर दाबलं,
गुडघा फुटेपर्यंत.
पुढच्या मोसमात कुणी घोडाच दिला नाही.
म्हातारा मरेपर्यंत खुर्चीतसुद्धा
रिकिबीत पाय असल्यासारखा बसायचा.

संगमरवरावर कोरलंय:
जन्म, मृत्यू, बाप, आई, मालक, एकवीस विजय.
हे नाही कोरलेलं,
की तो छत्रीला घाबरायचा.
की शर्यतीच्या आदल्या रात्री चंदीला तोंड लावायचा नाही,
लेम्युएलने आधी मूठभर चघळून दाखवल्याशिवाय.
की बकरी शेजारी नसेल तर झोपायचा नाही,
एका शिंगाची, खाष्ट, नाव डेलफी.

ओढ्याशी रस्ता फुटतो.
उजवीकडे कारखाना.
खेचरं सवयीने उजवीकडे वळली,
लेम्युएलने लगाम डावा ओढला.

घोड्याला खड्डा केवढा लागतो,
डोकं आणि पाय वजा केले तरी,
हे खणल्याशिवाय कळत नाही.
कंदिलातलं तेल संपलं, मग चंद्रावर भागवलं.
पाठ शेवटची ठेवली झाकायची.
त्या पाठीवरचा प्रत्येक भोवरा
त्याला आंधळ्यानेही सापडला असता.

दोन डॉलर त्याने परत केले नाहीत.

पहाटे चार. हात आपोआप खराऱ्याकडे गेला.
रिकाम्या ठाणाच्या दारात डेलफी उभी,
आत बघत.
लेम्युएल तिच्यापाशी बसला,
आणि मानेपासून शेपटीकडे, लांब लांब हात टाकत,
बकरीलाच खरारा करू लागला.

तिने बराच वेळ सहन केलं.
मग चावली.