शून्य प्रहर

आमच्याकडे शून्य प्रहर दुपारी साडेबाराला लागतो.
तळोद्याच्या बाजारात कुत्रं हलत नाही,
हातपंपाचा दांडा फडक्याशिवाय धरवत नाही,
एसटीचा कंडक्टर तिकीट फाडण्याआधी
गमछा डोळ्यांवरून ओढून घेतो.

दिल्लीत तो बारालाच लागतो म्हणे.
त्यातली दोन मिनिटं सायजाबाईंना मिळाली.
दोन मिनिटं म्हणजे
आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात त्या होत्या तेव्हा
एवढ्यात तीन भाकरी फुगायच्या,
दादरच्या, काठ न फाटता.

आम्ही उपकेंद्रात जमलो होतो.
अकरा जणी, नर्सताई, आणि झोळी वाहणारा रुम्या.
फोन एकच, लसीच्या डब्याला टेकवलेला.
पडद्यावर बाई फार लहान दिसत होत्या.
लुगडं तेच, प्रचारातलं. चष्मा नवा.

"अध्यक्ष महोदय," म्हणाल्या, आणि थांबल्या,
विहिरीत बादली सोडण्याआधी
दोर ओढून बघावा तशा.

मग माझी वही बोलायला लागली.
खरंच, माझीच. निळ्या पुठ्ठ्याची,
मागच्या पानांवर बचतगटाचा हिशेब असलेली.
मागच्या उन्हाळ्यात सेहेचाळीसच्या वर सतरा दिवस.
पहाटेपर्यंत पत्रा निवला नाही अशा रात्री एकतीस.
टँकर आला नाही ते दिवस लाल शाईत.
आणि सिकलची दुखणी उठली
त्या तारखा शेजारी.

"दोन रकाने आहेत, महोदय,
ते एकमेकांना सोडत नाहीत.
अंगातलं पाणी आटलं
की आमच्या लेकरांचं रक्त विळ्यासारखं वाकतं.
तुमच्याकडे ऊन एका खात्यात बसतं,
विळा दुसऱ्या खात्यात.
आमच्याकडे दोघं एकाच खाटेवर..."

घंटी.
समाप्त करा.
बाई म्हणाल्या, नावं राहिलीत.
माईक गेला.

ओठ मात्र चालूच होते.
यादी आम्हा सगळ्यांना पाठ,
पण पहिला बोलला तो रुम्या, ओठ बघून:
"उंबरपाड्याचा दिवाल्या."
मग नर्सताई: "आमलीपाड्याची मोगी,
सातवा लागला होता."
"खेत्याचा मधला पोरगा."
"रेलीबाई."
कुणीतरी म्हणालं, हळू बोला.
कुणीच हळू बोललं नाही.
अशी नऊ नावं आम्ही संसदेत घेतली,
तळोदा तालुक्यातून, लाइट गेलेली असताना.

दहाव्या नावाला कॅमेरा दुसऱ्या बाकावर गेला.
तिथे कुणी साहेब विमानतळाबद्दल बोलत होते,
त्यांचा माईक चांगला होता.
दहावं नाव रुम्याच्या पोरीचं.
तो उठला, माठातलं पाणी प्यायला,
ग्लास उपडा ठेवला,
मग पुन्हा सरळ केला.

रात्री बाईंचा फोन.
मला वाटलं, रडतील.
"रायली, थर्मामीटर कुठं टांगलाय?"
"दाराच्या चौकटीला."
"ऊन लागतं?"
"चारनंतर. थोडं."
"मग हलव उद्या. सावलीत,
जमिनीपासून चार फुटांवर.
इथं बाहेर एकानं विचारलं,
आकडे कुठं घेतले, कसे घेतले.
मला सांगता आलं नाही."
मी म्हटलं, बरं.
मी म्हटलं, जेवलात का.
"इथली भाकरी फुगत नाही वं माय," म्हणाल्या,
आणि रेंज गेली, की त्यांनीच ठेवला.

सकाळी खिळा उपटला, तर चौकटीची ढलपीच आली.
उत्तरेच्या भिंतीशी टेप शोधत होते,
टेप बचतगटाच्या पेटीत, पेटीची चावी सचिवबाईकडे.
रुम्यानं न मोजता भिंतीवर तळहात ठेवला.
"चार फूट इथं."
मी विचारलं, नक्की?
त्यानं हात काढला नाही
खिळा ठोकून होईपर्यंत.

मग वहीत नवं पान.
जागा बदलली, असं लिहिलं, तारीख घातली.
चैत्रच चालू होता.
अकरा वाजता, सावलीत, एक्केचाळीस.