एकतिसावा

आमच्या घरात महिना नसतो.
तीन दहा-दहा दिवस असतात,
डेअरीच्या खिडकीतून रंगराव सचिव मोजून देतो तसे.

पहिल्या दहा दिवसांचं बिल
पेंड कापूनच हातात येतं.
म्हशीनं आधी आपलं जेवण वळतं करून घेतलेलं असतं,
मग आम्ही.
दुसऱ्यात किराणा, लाइट बिल, भिशीचे दोनशे.
तिसऱ्यात, जे पहिल्या दोनांत मावलं नाही ते सगळं
वडापला बसतात तसं बसतं,
एक पाय बाहेर ठेवून.

मी काही कंजूष नाही. लोक म्हणतात, म्हणोत.
तेलाची रिकामी पिशवी उभी चिरून
आतनं कणकेचा गोळा फिरवते, एवढंच.
साबणाचा झिजका तुकडा नव्या वडीच्या पाठीवर बसवते,
दोन दिवसांत दोघं एकजीव,
नवी सूनसुद्धा इतक्या लवकर रुळत नाही.
आंघोळीचं पाणी पाचटावर.
गॅस पाहुण्यांना, नाहीतर तापाच्या रात्रीला.
गारगोटीच्या बाजारात उन्हं कलल्यावरच जाते,
तेव्हा वांग्यांचा ढीग विसाचा दहाला येतो
आणि माळीणही घरी जायच्या घाईत
मूठभर कोथिंबीर वर टाकते.
पण चटणीची मिरची दस्तगीरच्या डंकावर नेताना
संकेश्वरीबरोबर ब्याडगी निम्मी असतेच.
रंगात काटकसर केली की कालवण आजारी दिसतं.
तिथं मी हात आखडत नाही.

राहिला एकतिसावा.
तो कुठल्याच दहात बसत नाही.
रंगराव त्याला तिसऱ्या बिलात कोंबतो,
म्हणतो, वहिनी, अकरा दिवसांचं घ्या.
मी म्हणते, दहाचं वेगळं द्या, त्या एकाचं वेगळं.
तो हसतो, पण पेनानं रेघ मारून देतो.

वर्षाला सात एकतिसावे.
जुलै-ऑगस्टचे तर लागोपाठ येतात, सख्ख्या जावांसारखे.
फेब्रुवारी आमचे दोन दिवस देणं लागतो,
पण तो बुडव्या, त्याच्या नादी लागत नाही.

त्या पैशाला एकच नियम:
गरजेच्या वस्तूला लावायचा नाही.
मार्चमध्ये, ऊस दारात उभा असताना,
स्टँडवर बर्फ घातलेला उसाचा रस.
दोन ग्लास. दोन्ही मीच प्याले.
ऑक्टोबरचा जपून ठेवला आणि कागलच्या उरुसात
पाळण्यात बसले, वरनं आपली कौलं दिसतात का बघत.
दिसली नाहीत. पैसे वसूल.
एकदा तर दूध डेअरीला घातलंच नाही,
पायरीवर बसून गूळ टाकून तांब्याभर पिऊन टाकलं.
सर्जेराव म्हणाले, बरी आहेस न्हवं?
म्हैस मान वळवून बघत होती.

परवा वैजूचा पुण्याहून फोन.
आई, महिन्याला घरखर्च किती लागतो? मी पाठवते.
मला आकडाच सांगता येईना.
महिना कुणी बघितलाय?
म्हटलं, ते राहू दे, तू तुझ्या एकतिसाव्याचं काय करतेस?
ती जरा वेळ गप्प राहिली.
मग म्हणाली, त्याचं काही मिळत नाही गं.
पगार तेवढाच. तीस असू देत, एकतीस असू देत.

म्हणजे सात दिवस पोर फुकट राबते
आणि मी पाळण्यात बसते.

डिसेंबरची पावती आली.
तीन लिटर दोनशे, फॅट सहा-आठ.
रंगरावाला म्हटलं,
रेघेखालच्या ह्या एकावर माझं नाव नको,
वैजयंता घाला.
सभासद न्हाई ती, तो म्हणाला.
म्हटलं, म्हशीची काही हरकत न्हाई.
त्यानं टोपी मागं सारली,
आधी घाईत 'वैजंता' लिहिलं,
मग थांबून मधल्या फटीत
एक बारका य बसवला.