पहिली ओळ सोडून द्यायची

परळच्या इस्पितळात जिन्याखालची ही खोली
पूर्वी एक्स-रेची डार्करूम होती.
लाल दिव्याचा होल्डर अजून आहे भिंतीवर, दिवा नाही.
फिल्म धुवायच्या सिंकवर फळी टाकून यूपीएस बसवलाय,
नळ काढायचं कोणाला सुचलं नाही,
त्याचं तोंड चिंधीने बांधलंय.

रात्रीचे दोन चाळीस.
बारा नंबर वॉर्डातून गांगुर्डे सिस्टरचा तिसरा फोन:
"अहो, चाक फिरतंय नुसतं.
डॉक्टर उभे आहेत, पेशंट आडवा आहे,
आणि तुमचं चाक फिरतंय."

काळी खिडकी उघडते. टाइप करते:
आयओस्टॅट, डॅश एक्स, दोन.
म्हणजे, बाई डिस्के,
दर दोन सेकंदांनी सांगत राहा तुझं काय चाललंय.

ओळ येते. युटिल अकरा टक्के, अवेट चार.
सगळं छान.

यावर मी आता विश्वास ठेवत नाही.
मॉरिस डायस, मरोळ गावठाणातले,
या खोलीत सव्वीस वर्षं,
खिशाला दोन पेनं आणि एक टेस्टर,
पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते:
"तांडेल, पहिली ओळ सोडून द्यायची.
ती खोटं बोलत नाही, पण आजचंही बोलत नाही.
मशीन चालू झालं त्या दिवसापासूनची सरासरी सांगते.
चारशे दिवसांच्या बरं-आहेमध्ये
आजचं दुखणं कुठच्या कुठे विरून जातं.
दुसरी येईपर्यंत थांब."

थांबते.

अवेट सहाशे बारा. रांगेत एकशे चाळीस.
युटिल शंभर.
म्हणजे प्रत्येक मागणी अर्ध्या सेकंदाहून जास्त
दारात उभी आहे, केसपेपर हातात धरून,
आणि आतून कोणी नाव पुकारत नाही.
तिसरी ओळ तशीच. चौथीही.
लिहिणं जवळपास शून्य, सगळं वाचन.
एवढ्या रात्री एवढं आधाशासारखं
वाचतंय कोण?

आयओटॉप लावल्यावर नाव वर आलं: जुनी-फिल्म.
अकरा ओळींचा प्रोग्राम, डोक्यावर शेरा,
रोमन अक्षरांत डायसांचं मराठी:
जे कोणी वाचत नाही ते डिस्कवर गुपचूप सडतं.
तरी महिन्यातून एकदा सगळ्या जुन्या फिल्मा वाचून काढणे.
करायचं काही नाही, फक्त वाचणे.
हात लावू नये. एम. डी.

तर हा गडी पहाटेच्या तोंडावर
पंचवीस वर्षांच्या छात्यांमधून चाललाय.
खात्यातला कापूस फुफ्फुसात घेऊन गेलेले जॉबर,
आठ आण्याचं नाणं गिळलेला पोरगा,
नाणं अजून तिथेच, गोल, पांढरं,
पोरगा एव्हाना बाप झाला असेल.
एकेकापाशी थांबतो, बघतो, पुढे सरकतो.
आणि वरती बाराव्या वॉर्डात आजची छाती खोळंबलेली.

किल, डॅश नऊ.
बोटं एंटरपर्यंत गेली होती, खोटं कशाला सांगू.
मग खोडलं, आणि
आयओनाइस, डॅश सी, तीन:
वाच तू. पण मागे उभा राहून,
कोणाला काही नको असेल तेव्हा.

अवेट तीनशे नऊ.
एक्काहत्तर.
सहा.
फोन एकदाच वाजून बंद होतो.
गांगुर्डे सिस्टर आभार असेच मानतात.

सात वाजता गेटबाहेर, चहाचा ग्लास कठड्यावर ठेवून,
मरोळला फोन लावते. निवृत्तीला तीन वर्षं झाली,
मी केला होता तो शेवटचा फोन कधी, आठवत नाही.
"कसे आहात?"
"एकदम फर्स्ट क्लास! डिस्क काय म्हणते?"

मी काहीच बोलत नाही.
फोन कानाला घट्ट धरून ठेवते.
तिकडे कोंबडा, कुकरची शिट्टी,
आणि मग ते दोन सेकंद.

"तसं म्हणजे..." डायस म्हणतात,
आणि खुर्ची ओढल्याचा आवाज येतो.