निरंक

डेपोतून पत्र आलं. जावक क्रमांक आहे, सही झेरॉक्सची.
‘काही वैयक्तिक माहिती अनधिकृत व्यक्तींच्या हाती
गेल्याची शक्यता नाकारता येत नाही.
आजी-माजी कर्मचाऱ्यांनी घाबरून जाऊ नये.
पासवर्ड बदलावा. अनोळखी नंबर उचलू नयेत.’

पासवर्ड.
त्र्याण्णव साली माझ्याकडे एक बॉलपेन होतं
आणि अकरा पानी साक्षांकन नमुना, तीन प्रतींत,
कार्बन चालणार नाही, खाडाखोड चालणार नाही.
दहाच्या दहा बोटं काळी करून दिली होती,
ती आता कुठल्या दुकानात बदलून मिळतात?

सीवूडच्या रसवंतीत, घुंगरांच्या आवाजात,
स्टोअरमधला नवा पोरगा, प्रणित, मोबाईल पुढे करतो:
‘मॅडम, तुमचंपण आहे. चाळीस हजार जणांचं आहे. फुकट.’
अंगठ्यानं वर सरकवत जातो माझं आयुष्य,
मध्येच थांबून त्यावरची माशी उडवतो.

सुगंधा चाहू मढवी, मुक्काम करावे.
ओळखीची खूण: डाव्या भुवईत जुना व्रण.
कुणाच्या वल्ह्यानं, हा रकाना नव्हता.
पूर्वीचे आजार: एकोणनव्वदचे ते चार महिने
ठाण्याच्या इस्पितळातले, डॉक्टरांचं नाव, गोळीचं नाव.
नवऱ्याला मी आजतागायत कावीळ सांगत आलेय.
प्रणित काही बोलत नाही. चांगला पोरगा आहे.
मग रकाना सोळा. भाऊ.
माझ्याच वळणदार अक्षरात:
निरंक.

नोकरी हवी होती.
हिराजीवर जमिनीच्या मोर्च्यातली केस, वॉरंट,
तो खाडीत कुणाकुणाच्या होडीत झोपायचा.
आई म्हणाली, ‘लिव नाय म्हणून.
कागदानं काय मानूस मरतं?’
त्याला हे कुणी सांगितलं नाही.
पुढच्या वर्षी तो गेला, कुठे,
ते आम्हालाही कुणी सांगितलं नाही.

बारावं पान मी तोवर पाहिलंच नव्हतं.
पोलीस शिपायाचा अहवाल, वर गोपनीय असा तिरका शिक्का.
शेजारी: आनंदीबाय कमळाकर भोईर, वय ५२, व्यवसाय मासळी.
‘सदर मुलीस भाऊ असल्याचे ऐकिवात नाही.
एकटीच आहे. चालचलन चांगले.’
खाली डाव्या अंगठ्याचा ठसा, शाई जरा पसरलेली.

आनंदीबाय.
तिच्याच चुलीपुढे वाकट्यांचं कालवण जेवून
हिराजी अंधारात होडीकडे निघायचा.
सत्याण्णवात गटाराच्या उतारावरून आमची जुंपली
आणि ती मरेपर्यंत मी तिच्या दारावरून
मान दुसरीकडे करून गेले.
तिचं हे वाक्य कपाटात होतं, मग सर्व्हरवर,
मग कुठल्या कुठल्या देशांत.
मला सोडून सगळ्यांकडे.

‘शोधायला सोपं आहे,’ प्रणित म्हणतो,
‘नाव टाकायचं, गाव टाकायचं.’
म्हणजे कुणीही टाकू शकतो.
एखाद्या बंदरावरचा पासष्टीचा माणूस,
किंवा त्याचा नातू, चष्मा सापडत नाही म्हणून त्याच्यासाठी:
सुगंधा. करावे.
आणि मग सरकवत, सरकवत
सोळापर्यंत.

पत्र फ्रीजवर चुंबकाखाली लावलंय.
कालपासून सतरा फोन. कर्ज हवंय का. केवायसी संपलंय.
तुमच्या पार्सलात काही सापडलंय म्हणणारा एक पोलीस, हिंदीत.
मी सगळे उचलते.
‘बोला’ म्हणते, आणि समोरच्याच्या
पहिल्या शब्दाआधीचा श्वास
ऐकत राहते.