आठ सेकंद

इस्मेनियाच्या स्वयंपाकघरात, मुरांब्याच्या बरण्यांशेजारी
सर्व्हर घुरघुरतो. अकरा वर्षं झाली.
भरती-ओहोटीच्या वेळा, वाऱ्याचा अंदाज,
एवढंच तो सांगतो चिलोए बेटाच्या मच्छीमारांना.

पुतण्या म्हणतो, बदल गं आता, म्हातारा झालाय.
ती म्हणते, मीही झालेय.
नव्याची किंमत म्हणजे अख्ख्या हिवाळ्याचं सरपण.
आणि आठ सेकंद म्हणजे काय रे,
नाक शिंकरायलाही तेवढे लागतात.

मग एका पहाटे दालकाउएच्या धक्क्यावर
ती स्वतःच उभी राहिली, मोबाइल उघडून.
रेंजची एकच काडी. बोटं गारठलेली.
पांढरा पडदा.
शेजारी रोसामेल, दोर सोडू की नको,
तिच्या हाताकडे बघत.
तिसऱ्या सेकंदाला वारा फिरला.
पान अजून यायचं होतं.

घरी येऊन तिने मोजलं, तुकडा न् तुकडा.
सर्व्हर बिचारा दीड सेकंदात मोकळा होत होता.
बाकीचा वेळ खात होता तो फोटो,
सगळ्यात वर, तिनेच लावलेला:
एलाडियोची पिवळी होडी,
रंगाचे पोपडेसुद्धा मोजता येतील इतकी मोठी.
तो परतला नाही, त्या वर्षीची.

चुलीत निखारे काळे पडेपर्यंत ती बसून राहिली.
मग होडी नखाएवढी केली
आणि पानाच्या तळाशी नेऊन बांधली.

सर्व्हरचं बघू मार्चमध्ये, बटाटे निघाल्यावर.
किंवा त्याआधीच,
रोसामेल पुन्हा दोर धरून
थांबलेला दिसला तर.