चार हजार आठशे

अजमानची खाडी, रात्रीचे सव्वादोन.
मांडीवर लॅपटॉप भाजतोय.
हा तिसरा अडॅप्टर, देऱ्यातला,
बारा दिरहम, बिल नाही.
पडदा मुका.

मग दिसलं: बोलणारी तार मी
बोलणारीलाच जोडलेली,
ऐकणारी ऐकणारीला.
"आमच्या जमातीची मीटिंग," होडेकर तांडेल म्हणाले.

तारा उलटवल्या. टेप दातांनी तोडली.
आता नुसता कचरा: चौकोन, चौकोन,
एक चुकार डॉलर.
वेग उतरवला चार हजार आठशेवर,
आणि आलं:
दोनशे सत्तेचाळीस.
होकायंत्रातही तेच.

दहा अंश टाकले.
चाक फिरलं, कुणी हात न लावता.

एकोणतीस वर्षं होडेकरांनी चाकच धरलंय.
पेला खाली ठेवून
त्यांनी दोन बोटं त्यावर टेकवली,
पोराचा ताप बघावा तशी.